देसायाचा आवाज

माझ्या सतीशमामाशी कुणाचं पटत नाही, आणि पटावं असं त्यालाही कधी वाटलेलं नाही. दूधवाल्याशी त्याचं भांडण, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण, पोटच्या मुलाशी तर सकाळच्या चहापासून. जुळे सोलापुरात आमच्या रस्त्याला तो संध्याकाळी फिरायला निघाला की ओळखीचे लोक मोबाईलमध्ये डोकं घालून पुढे सरकतात. मला विचाराल तर निम्म्या वेळा चूक समोरच्याचीच असते. पण मामा ती ज्या आवाजात सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला चूक मामाचीच वाटते.

तो आवाज म्हणजे मामाची सगळी इस्टेट. कुर्डुवाडी जंक्शनवर त्याने उभी नोकरी माईकपुढे काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर येणार, पुण्याकडची किती उशिरा धावतेय, हे तो सांगायचा. सांगायचा कसला, सुनवायचा. गाडीला झालेला उशीर आपणच केलाय असं वाटून माणसं खाली मान घालायची. पुढे यंत्र आलं, त्यातून एका बाईचा गोड आवाज यायला लागला, आणि मामाला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथून तो भांडत भांडत निवृत्त झाला. आता बुद्धविहारातला कार्यक्रम असो, कुणाचं लग्न असो की शोकसभा, माईक मामाच्याच हातात असतो आणि तो काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही.

त्याला एक सल होती, आणि ती तो लपवतही नसे. इतकी वर्षं बोलला, त्यातला एक शब्द कुणी टेप करून ठेवला नव्हता. "माणूस मेला की फोटू ऱ्हातो," तो म्हणायचा. "माझा फोटू लावून काय करणार? मी काय देखणा हाय? माझा आवाज ऱ्हायला पायजे. पर त्यो तर फलाटावरच्या पत्र्याला लागून गेला की."

मी नोकरी करते ती शिवूच्या कंपनीत. कंपनी म्हणजे जुळे सोलापुरातलाच एक फ्लॅट, थोडे संगणक आणि शिवूचे वडील सिद्धप्पा यांचं भांडवल. आम्ही मोबाईलवर खेळायचा डावपेचांचा गेम बनवत होतो, 'दख्खनपट' नावाचा. खेळणाऱ्याने सुरुवातीला एक नेता निवडायचा आणि मग त्याचं राज्य चालवायचं. गावं वसवायची, किल्ले बांधायचे, शेजाऱ्याला बुडवायचं. प्रत्येक नेत्याला एक खास ताकद दिलेली. हे नेते तोंड उघडून काय बोलतील ते मराठीत लिहायचं काम माझं.

नेते निवडताना शिवूला एक खोड होती. सरळ माणूस त्याला नको असायचा. "परदेशी गेम बघ," तो म्हणायचा. "ज्यांच्या नावावर कत्तली आहेत ते पण निवडायला मिळतात, आणि लोक त्यांनाच निवडतात. वादग्रस्त माणूस दिला की चर्चा होते." मी म्हटलं, "आणि ज्यांची कत्तल झाली त्यांना निवडता येतं का?" तर म्हणाला, "त्यांना ताकद काय देणार, प्रतिक्षा?" हे तो अगदी मनापासून विचारत होता. शिवू वाईट नाही. वाईट असता तर त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं.

वादग्रस्त माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही, तो त्याच्या घरातच होता. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाला टेकून, केरेनूर नावाचं गाव आहे. तिथला वीरभद्रप्पा देसाई हा सिद्धप्पांचा पणजोबा. त्याने दुष्काळात गावाला मोठं तळं बांधलं, आजही त्या तळ्यावर ऊस उभा राहतो. देसायांच्या घरात त्याची तसबीर आहे, दरवर्षी तळ्याची पूजा होते, नारळ फुटतो. ही झाली त्यांची बाजू. माझ्या आईचं माहेरही केरेनूरचंच, आणि आमच्या बाजूने तेच तळं वेठीने खोदलेलं आहे. वेठ म्हणजे मजुरी नाही, भाकरी नाही, नुसतं राबणं. बोलावून जो आला नाही त्याच्या घराचं दार देसाई उचकटून न्यायचा. थंडीवाऱ्यात बिनदाराच्या घरात पोरंबाळं घेऊन कोण राहणार? त्यामुळे सगळे जायचे. आमची माणसं त्या तळ्यावर मेली आणि त्यांची तसबीर कुठल्याच घरात नाही.

तर हा देसाई शिवूने गेममध्ये घेतला. त्याची खास ताकद ठेवली 'वेठ'. म्हणजे बाकीच्या राजेरजवाड्यांना तळं, रस्ता, किल्ला बांधायला खजिना रिकामा करावा लागे. देसायाला नुसतं बटण दाबायचं होतं.

ही बातमी बाहेर गेली आणि दोन्हीकडून आग लागली. सिद्धप्पांचं म्हणणं, वेठ हा शब्द काढा, 'लोकसहभाग' घाला. शिवाय आमच्या पणजोबांना जरीचा फेटा हवा. दुसरीकडे माझा मामेभाऊ बुद्धभूषण आणि त्याचं मंडळ. त्यांचं म्हणणं, देसाईच काढा, नाहीतर मोर्चा आणू. मी दोघांच्या मध्ये, कारण मी पगार एकाचा घेत होते आणि राखी दुसऱ्याला बांधत होते. शिवू मात्र खूश. चर्चा सुरू झाली होती ना.

त्याने कुठल्याशा लग्नात मामाला माईकवर ऐकलं होतं. एक दिवस म्हणाला, "प्रतिक्षा, देसायाचा आवाज मला सापडलाय. तुझे मामा." मी त्याच्याकडे बघतच राहिले. देसायाने ज्यांची दारं नेली त्यांच्याच पणतूने देसायासारखं बोलायचं! पण विचारते म्हटलं, कारण निरोप दिला नसता आणि मामाला नंतर कळलं असतं, तर माझीही खैर नव्हती.

मी गेले तेव्हा बुद्धभूषण घरीच होता. मामाने सगळं ऐकून घेतलं.

"देसाई? त्यो दारं न्हेणारा?"

"तोच."

"बाबा, सरळ नाही म्हणून सांगा," बुद्धभूषण उसळला. "आम्ही त्याला काढायला लावतोय आणि तुम्ही त्याच्या तोंडात आवाज घालणार?"

"काढून काय करणार?"

"काय करणार म्हणजे? असल्या माणसाला लोकांनी हौसेने निवडायचं का?"

"निवडू देत की. तळं हाय न्हवं अजून? लोक पाणी पित्यात न्हवं? मग ज्यानं खोदवून घेतलं त्यो बी दिसू दे आन कसं खोदवून घेतलं त्ये बी दिसू दे. तू त्येला काढलास की मग काय? तळं आपोआप झालं म्हन. पावसानं झालं म्हन."

"हे बोलायला ठीक आहे. खरं सांगा, तुम्हाला तुमचा आवाज रेकॉर्ड करून हवाय."

मामा गप्प बसला. आमच्या घरात हे इतकं क्वचित घडतं की मी बुद्धभूषणकडे आणि तो माझ्याकडे बघायला लागलो. मग मामा म्हणाला, "व्हय. पायजे. त्यात काय चोरी हाय का?"

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे फ्लॅटची आतली बेडरूम. आवाज घुमू नये म्हणून शिवूने चारी भिंतींना चादरी ठोकल्या होत्या. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. कानाला हेडफोन लावायच्या आधी त्याने माईक उलटसुलट करून बघितला आणि आपल्या कुर्डुवाडीच्या माईकपुढे हा काहीच नाही असं जाहीर करून टाकलं. मग मी लिहिलेली वाक्यं तो वाचायला लागला. "तळं माझं, पाणी माझं. तहान तेवढी तुमची." हे वाक्य मीच लिहिलं होतं, घरी चहा पिता पिता, आणि जमलंय म्हणून खूशही झाले होते. मामाच्या तोंडून ते आलं तेव्हा मला त्या देसायाचा संताप आला. मामाने आवाज चढवला नव्हता. उलट खाली आणला होता, ज्याला ओरडायची गरजच पडत नाही अशा माणसाचा. शिवूचा चेहरा पडला. बहुतेक पणजोबाच्या बापाला तो पहिल्यांदाच भेटत होता.

काम संपल्यावर मामाने आपलंच रेकॉर्डिंग मागून मागून ऐकलं. "अजून एकदा लाव." पुन्हा लावलं. "आता त्ये तहानेचं लाव." शेवटी हेडफोन काढून त्याने शिवूला विचारलं, "ह्यो ऱ्हाईल न्हवं?"

"कायम राहील, काका. गेम आहे तोवर."

मामा त्या दिवशी रिक्षावाल्याशीसुद्धा भांडला नाही.

मग गेम तपासायला आम्ही कॉलेजची काही मुलं-मुली बोलावली. मामाही येऊन बसला, आपला आवाज लोकांना कसा वाटतो ते बघायला. झालं असं की ज्याने त्याने देसायालाच निवडलं. एकदा दुसऱ्या कुणाला निवडून हरलेलाही दुसऱ्या खेपेला देसायाकडेच वळला. फुकट राबणारी माणसं मिळाल्यावर कोण हरणार? एक मुलगी तर मैत्रिणीला ओरडून सांगत होती, "वेठ लाव, वेठ लाव, फुकट आहे!" स्क्रीनवर बोटाएवढी माणसं कुदळी घेऊन धावत येत होती आणि बघता बघता तळं भरत होतं. चित्रकाराने त्या माणसांना हसरे चेहरे दिले होते.

मुलं गेल्यावर मामा शिवूवर घसरला.

"ही हसत्यात कशापायी?"

"ते लहान दिसतात ना काका, कुणी बघत नाही."

"मी बगतोय की. आन बटण दाबलं की आली? तुझ्या बापाच्या पणज्याकडं बटण व्हतं व्हय? वेठीला कोन आपल्या पायानं येत न्हाय. बोलवायला लागतं. दवंडी पिटवायला लागती. घरातनं माणूस उठून गेल्यावर घरात काय उरतं? शेत कोन करतं? त्ये दाव. बटण दाबल्यावर ऐकायला येऊ दे जरा."

शिवूची खरंच कमाल. तो रागावला नाही, उलट त्याला ते पटलं. वेठ लावली की गावातली माणसं कमी होणार, शेती पडणार, आणि प्रत्येक वेळी आधी दवंडी ऐकू येणार. "भारी आहे काका! आता देसाई निवडताना माणूस विचार करेल. मला हेच पाहिजे होतं." त्याचे डोळे चमकत होते. आणि त्याच भरात तो बोलून गेला, "मग दवंडी पण तुम्हीच द्या. गावात तुमच्या घराकडेच होतं ना ते काम? इतकं अस्सल दुसरीकडे कुठे मिळणार?"

त्याला वाटलं तो मान देतोय. मी त्याच्या तोंडावरून सांगते, त्याला तसंच वाटलं.

केरेनूरची तराळकी मामाच्या घराकडे होती हे खरं. हातात काठी घेऊन गावभर देसायाचा हुकूम ओरडत फिरायचं. माझे आजोबा, मामाचे वडील ईश्वर, यांनी धम्म घेतला त्या दिवशी ती काठी नेऊन तळ्यात टाकली आणि सांगितलं, या घरातला माणूस इथून पुढे दुसऱ्याचा हुकूम ओरडणार नाही. गावाने त्यांचं काम बंद केलं, किराणा बंद केला. तेव्हा ते कुर्डुवाडीला येऊन रेल्वेच्या रुळांवर खडी फोडायला लागले. मामा त्याच रेल्वेत माईकपुढे बसला. त्याला कुणी गमतीने म्हणालं की शेवटी घरचंच काम केलंस, तर तो सांगायचा की आम्ही पगार घेऊन, पंख्याखाली खुर्चीत बसून बोलतो. असं म्हणणाऱ्याशी त्याने पुन्हा कधी बोलणं ठेवलं नाही.

तर मामा ओरडला. भिंतीवरच्या चादरींचा काही उपयोग झाला नाही, वरच्या मजल्यावरच्या बाई खाली बघायला आल्या.

"माझ्या बापानं काठी टाकली म्हणून गाव सोडायला लागलं! आन तू परत ती माझ्या हातात देतोस? वर अस्सल म्हन्तोस?"

"काका, माझा तसा हेतू नव्हता. मला फक्त आवाज..."

"आमच्याकडं फकस्त आवाजच व्हता! तेवढा बी तुमीच वापरला!"

शिवू पांढराफटक पडला. मला त्याची दया आली नाही. उलट बरं वाटलं, कुणीतरी त्याला एकदा हे ऐकवायलाच हवं होतं.

मामा दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "दवंडी तर पायजेच," तो म्हणाला. "ती तू दे."

"मी?"

"वेठ कुणाची? तुझ्या घरची. मग बोलवायला बी तुझ्याच घरचा येऊ दे. जमत नसंल तर माझा आवाज काढून टाक. सगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवू माईकपुढे उभा राहिला. त्याने "ऐका हो ऐका" केलं आणि मामा म्हणाला, "साबण विकतोस का?" पुन्हा केलं. मामा म्हणाला, "ह्ये नाटकातलं झालं." मग मामाने त्याला दवंडीची खरी रीत सांगितली, जी मलाही तोवर माहीत नव्हती. तराळाने पहिली हाक आपल्याच आळीत घालायची. आधी आपल्या घरची माणसं नावानिशी बोलवायची, म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहत नाही. देसायानेच तसा नेम घालून दिलेला. "माझ्या पणज्यानं पयली हाक सख्ख्या भावाला घातली," मामा म्हणाला. "भाऊ तळ्यावरनं माघारी आला न्हाय. दरड अंगावर आली. आन पणजा दुसऱ्या दिशी परत काठी घेऊन हुबा."

मग शिवूने विचारलं, "मग मी कुणाची नावं घेऊ?"

"तुझ्या आळीत कोन कोन ऱ्हातं?"

शिवूने ओठ ओले केले. "ऐका हो ऐका! सिद्धप्पा, उद्या दिस उगवायला तळ्याच्या कामाला चला हो! सिद्धेश्वरी, पाटी घेऊन चला हो! पार्वतम्मा..." सिद्धेश्वरी त्याची बहीण, पार्वतम्मा त्याची आई. आईच्या नावाला त्याचा आवाज चिरकला आणि तो थांबला.

"थांबू नगंस," मामा म्हणाला. "आमच्याला थांबता येत नव्हतं."

"पार्वतम्मा, चला हो! न येईल त्याचं दार जाईल हो!"

ते तसंच ठेवलं, चिरकलेलं. सबंध गेममध्ये त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं, हे मी मामाच्या नात्यातली म्हणून नाही, तिथली लिहिणारी म्हणून सांगते.

गेम बाहेर काढायच्या आधी सिद्धप्पा बघायला आले. मामालाही शिवूने बोलावलं होतं. दोघे एकाच वयाचे. पण सिद्धप्पा मामाला अरेतुरे करतात, गावातल्या जुन्या सवयीने, आणि म्हणून मामाही त्यांना अरेतुरे करतो, मुद्दाम. सिद्धप्पा सोफ्यावर बसले, फोन हातात धरला, देसायाला निवडलं. फेटा जरीचा होता. देसाई बोलला तसे सिद्धप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "असाच असणार आमचा पणजोबा! सतीश, काय आवाज लावलायस रे!"

"फुडं बग, सिद्धप्पा," मामा म्हणाला.

त्यांनी पुढे बघितलं. देसायाचे शिपाई एका घराचं दार उचकटून नेताना दिसले. सिद्धप्पा म्हणाले, त्या काळी असंच चालायचं. वेठीवर माणसं मेल्याचा आकडा खाली उमटला. म्हणाले, एवढं मोठं काम म्हटल्यावर होणारच. वेठ हा शब्दसुद्धा बटणावर तसाच होता, त्यालाही त्या दिवशी त्यांनी हरकत घेतली नाही. मग दुसरं तळं बांधायला त्यांनी स्वतःच्या बोटाने ते बटण दाबलं.

"ऐका हो ऐका! सिद्धप्पा, उद्या दिस उगवायला तळ्याच्या कामाला चला हो!"

सिद्धप्पा उठून उभे राहिले. फोन सोफ्यावर पडला आणि तिथून दवंडी चालूच राहिली, सिद्धेश्वरी, पार्वतम्मा. त्यांनी मुलाकडे बघितलं.

"शिवू, हा तुझा आवाज?"

"हो अप्पा."

"आपल्या घरातला माणूस दवंडी देतो? माझं नाव घेऊन? तुझ्या आईचं नाव घेऊन? साकु!" रागात ते कानडीवर गेले. "पुरे झालं हे! गावात काय तोंड दाखवू मी? लोक म्हणतील देसायाच्या पोराने..."

"बोल की," मामा म्हणाला. "देसायाच्या पोरानं काय?"

"ज्याचं काम त्याने करावं, सतीश. एवढंच म्हणतो मी."

हे ते शांतपणे म्हणाले. दार नेलं त्याचं काही नाही, माणसं मेली त्याचं काही नाही, आणि मुलाने आईला हाक मारली त्यात घराणं बुडालं. मला वाटलं टेबलावरचा पाण्याचा जग त्यांच्या जरीकाठी उपरण्यावर ओतावा. ओतला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

मग ते खाली बसले आणि व्यवहाराचं बोलायला लागले. देसाई राहू दे, सतीशचा आवाजही राहू दे, चांगलाच आहे. दवंडी तेवढी बदला. केरेनूरला तुमच्या आळीत पोरं आहेत की, मोकळ्या गळ्याची. त्यातला एखादा बोलवा, त्याला चार पैसे मिळतील, नावंही त्याच्याच घरातली घाला. हे जमत नसेल तर देसाई काढून टाका, माझ्या पैशावर माझी अब्रू जाणार नाही. एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघत बसले.

आणि शिवूने काय करावं? बाप त्याचा, कंपनी त्याची, पणजोबाचा बाप त्याचा. पण तो मामाकडे वळला. "काका, देसाई काढला तर तुमचं सगळं रेकॉर्डिंग जातं, दुसरीकडे ते चालणार नाही. गावातल्या कुणाची दवंडी घेतली तर तुमचा आवाज राहतो. तुम्ही म्हणाल तसं करू." एवढा मोठा घोडा झालाय, पण बापापुढे पाठीचा कणा म्हणून काही नाही. सगळं ओझं उचलून त्याने मामाच्या डोक्यावर ठेवलं आणि वर त्याला मान दिल्यासारखं तोंड केलं.

मामा म्हणाला, "लाव एकदा."

शिवूने हेडफोन दिले. मामाने देसायाची सगळी वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मधे एकदा त्याचे ओठ आवाजाबरोबर हलले. मला ते बघवेना. मी मनात म्हणत होते, मामा, हो म्हण, कोण कुठला पोरगा, त्यालाही पैसे मिळतील, हो म्हण. मामाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"काढ."

"काका, परत विचार करा."

"काढ म्हन्तो न्हवं? आमच्या आळीतल्या पोराच्या हातात काठी देऊन मला माझा आवाज ठेवायचा न्हाय." मग तो सिद्धप्पांकडे वळला. "आमच्या घरानं पिढ्यान् पिढ्या दिली ही दवंडी. तुमच्या घराला एक डाव सोसंना."

शिवूने आमच्यासमोर देसायाच्या आवाजाची फाईल उडवली. बापाच्या देखत लगेच उडवली, तेवढं मात्र त्याला जमलं. पुढे देसाई गेममधून गेल्याचं कळल्यावर बुद्धभूषणच्या मंडळाने 'लढ्याला यश' म्हणून फोटो टाकले आणि तो घरी पेढे घेऊन आला. काय झालं ते मी सांगितल्यावर त्याने तो पुडा फ्रीजवर ठेवला. तिथेच त्याला मुंग्या लागल्या.

पण त्या दिवशी आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा मला राग आवरत नव्हता. शिवूचा होता, सिद्धप्पांचा होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मामाचा होता.

"एकच आवाज राहणार होता तुझा, मामा. तोही घालवलास."

"ऱ्हाणार व्हता, पर कुणाच्या तोंडात ऱ्हाणार व्हता गं? मी मेल्यावर तू मोबाईल उघडून काय ऐकणार? तळं माझं, पाणी माझं. त्ये ऐकून रडणार व्हय तू?"

मी पर्समधून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्याच्या तोंडापुढे धरला. "मग आता बोल. तुझं स्वतःचं बोल काहीतरी. मी ठेवते."

मामाने घसा खाकरला. शर्ट नीट केला. तोंड उघडलं आणि मिटलं. गाड्यांचं बोलला होता, लग्नातल्या पाहुण्यांचं बोलला होता, मेलेल्यांचं बोलला होता, देसायाचंही बोलून झालं होतं. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "काय बोलू गं?"

जन्मात कधी मी त्याला असं बघितलं नव्हतं. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात एक रिक्षा आमच्या इतक्या जवळून गेली की मामाची चप्पल चाकाला घासली, आणि वर रिक्षावाल्यानेच मान बाहेर काढून विचारलं, "ओ आजोबा, रस्ता काय घरचा हाय का?"

मामा त्याच्याकडे वळला. "आरं ए! घरचा न्हाय तर काय तुझ्या सासऱ्याचा हाय? थांब! उतर खाली! मी सतीश ईश्वर, हितंच ऱ्हातो, पळून कुटं जात न्हाय! उतर आन मानसासारखं बोल!" अख्खा रस्ता थांबून बघायला लागला. दुकानातली माणसं बाहेर आली. रिक्षावाला उतरला, आधी भांडायला, मग मुकाट्याने ऐकायला, आणि मामा बोलतच होता.

मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.